छोट्या प्लेअरवर व्हिडिओ चढवायचे आहेत – सुरुवात कुठून? (इंदूर)

पोहेजिलेबी

घरातल्या ज्येष्ठांसाठी हातात मावणारा व्हिडिओ प्लेअर घेतलाय. फोन नको, नेट नको, बटणं हवीत, एवढीच त्यांची अट. जेल रोडवर मिळतात त्यातलाच, फारसं नाव नसलेला. पडदा २.४ इंची, आत ८ जीबी मेमरी, मायक्रोएसडी कार्डाची खाच, चार्जिंग टाइप-सी. खोक्यावर 'एमपी४, एव्हीआय, एएमव्ही, ३२ जीबीपर्यंत कार्ड' असं छापलंय.

चढवायचं आहे ते असं: जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, लग्नाच्या दोन डीव्हीडी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं (मिरवणुकीतल्या चित्ररथांचं) फोनवरचं चित्रण आणि काही कीर्तनं. कीर्तनाच्या फाइली एमपी४च आहेत, पण नुसत्या कॉपी केल्या तर 'फॉरमॅट एरर' येतो. पुण्याच्या गाडीत बसायच्या आत सगळं भरून हवंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनतारी

खोक्यावरचं 'एमपी४' हे बहुतेक वेळा त्या वस्तूचं बाजारातलं नाव असतं, ती चालवते त्या फाइलचं नव्हे. आतल्या चिपला काय झेपतं ते खोक्यावर कधीच धड लिहिलेलं नसतं. म्हणून धर्मांतराच्या, आपलं, रूपांतराच्या मागे लागण्याआधी चिपलाच विचारा.

अशा प्लेअरच्या आतल्या मेमरीत कारखान्यातून एखादा नमुना व्हिडिओ टाकलेला असतो, कधी कन्व्हर्टरही असतो. फॉरमॅट करायच्या आधी तो सगळा मजकूर संगणकावर उतरवून ठेवा, नंतर तो कुठे मिळत नाही. मग मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्राम घ्या आणि नमुना व्हिडिओ त्यात उघडा. कंटेनर (फाइलचं बाहेरचं वेष्टन) कोणता, व्हिडिओ कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) आणि त्याचा आयडी, रुंदी-उंची, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), ऑडिओ कोडेक आणि सँपल रेट, एवढं इथे टाका. त्याच साच्यात तुमची फाइल बसवली की प्लेअर चालवणारच.

पोहेजिलेबी

नमुना आहे! एव्हीआय, एमपीईजी-४ व्हिज्युअल, कोडेक आयडी एक्सव्हीआयडी, ३२० × २४०, २५ फ्रेम, आवाज एमपी३ १२८ केबीपीएस, ४४१०० हर्ट्झ.

बिनतारी

मग सोपं आहे. तुमच्या कीर्तनाच्या फाइली एमपी४ कंटेनरमध्ये एच.२६४ असणार. ते उलगडण्याची ताकद या चिपमध्ये नाही. फाइलचं शेपूट बदलून .एव्हीआय केलं तरी आतला माल तोच राहतो, तेव्हा तो उद्योग करू नका.

विंडोज असेल तर एक्समीडिया रिकोड हा रूपांतराचा प्रोग्राम घ्या. फॉरमॅट एव्हीआय, व्हिडिओ कोडेक एमपीईजी-४ एक्सव्हिड, ३२० × २४०, २५ फ्रेम, व्हिडिओ बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ५०० केबीपीएस. ऑडिओ एमपी३, स्थिर १२८, ४४१००, स्टिरिओ. प्रगत सेटिंगमध्ये बी-फ्रेम शून्य करा, क्वार्टर पिक्सेल आणि जीएमसी बंद. हे तिन्ही फाइल लहान करण्यासाठी असतात, पण स्वस्त चिप त्यावर अडखळते: चित्र मागे-पुढे उड्या मारतं किंवा पहिल्या काही सेकंदांत गोठतं.

आधी फक्त एका मिनिटाचा तुकडा करून प्लेअरवर चालवून बघा. पुढे ढकलण्याचं बटण दाबून बघा, थांबवून पुन्हा सुरू करून बघा. तो नीट चालला तरच बाकीचं रांगेत लावा.

रामबागकर

रूपांतराला हँडब्रेक का नको? सगळे तेच सुचवतात.

बिनतारी

हँडब्रेक उत्तम आहे, पण तो एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच बनवतो. एव्हीआय त्यातून २००९ मध्येच काढून टाकलं. ज्यांचा प्लेअर अँड्रॉइडवर चालतो किंवा खरंच एच.२६४ चालवतो, त्यांनी खुशाल हँडब्रेक वापरावा.

तांत्रिक_तात्या

एफएफएमपेग, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचा रूपांतराचा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी भर. त्याच्या एमपीईजी-४ एन्कोडरने बनवलेल्या एव्हीआयवर चार अक्षरी शिक्का 'एफएमपी४' असा बसतो. काही प्लेअर आतलं चित्र न बघता नुसता शिक्का बघून फाइल नाकारतात. आज्ञेत व्हीटॅग देऊन तो 'एक्सव्हीआयडी' करायचा. बाकी सगळं बरोबर असून 'फॉरमॅट एरर' येत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. पूर्ण आज्ञा धागाकर्त्यांना व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहे, तशीच्या तशी चिकटवा.

जागेचा हिशोब: ५०० अधिक १२८ म्हणजे ६२८ केबीपीएस. गुणिले ३६००, भागिले ८, म्हणजे तासाला साधारण २८३ एमबी. अडीच तासांचं नाटक ७०० एमबीच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डावर शंभर तासांहून जास्त मावेल, तेव्हा बिटरेटमध्ये काटकसर नको. उलट फार वाढवूही नका. एवढ्याशा पडद्यावर १५०० केबीपीएस दिलं तरी डोळ्यांना फरक कळत नाही आणि चिप मात्र धापा टाकते.

सराफा_रात्र

माझ्याकडच्या प्लेअरच्या नमुन्यात एएमव्ही निघालं, १६० × १२८. त्याचं काय?

तांत्रिक_तात्या

एएमव्ही म्हणजे मोशन जेपीईजीचाच एक भाऊबंद. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, आवाज एडीपीसीएम या साध्या पद्धतीनं दाबलेला. फ्रेम रेट साधारण १२ ते १६ पुरे, कारण चिपची धाव तेवढीच. आवाज मोनो, २२०५० हर्ट्झ.

एफएफएमपेगला हे जमतं, पण दोन अडचणी आहेत. एक, ऑडिओचा ब्लॉक साइझ हातानं द्यावा लागतो: सँपल रेट भागिले फ्रेम रेट. १५ फ्रेम असतील तर २२०५० भागिले १५, म्हणजे १४७०. भागाकार पूर्ण येईल असाच फ्रेम रेट निवडा. १४ पण चालेल, १५७५ येतात. १६ ला अपूर्णांक येतो. दुसरं, उंची १६च्या पटीत लागते. तुमची १२८ आहे म्हणजे प्रश्न नाही. १६० × १२० वाल्यांना मात्र एन्कोडर अडवतो, त्यांनी आज्ञेत स्ट्रिक्ट उणे एक द्यावं.

आणि तुमच्या नमुन्याची रुंदी-उंची उलटी, १२८ × १६० दिसली असती तर चित्र आडवं फिरवून भरावं लागलं असतं. उभ्या पडद्याचे काही प्लेअर तसंच मागतात.

नवलाखा

आता व्हीसीडीबद्दल. चकती उघडली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल, त्यात एव्हीएसईक्यू०१.डीएटी अशा नावाची मोठी फाइल. तेच नाटक. आत साधं एमपीईजी-१ असतं, ३५२ × २८८, २५ फ्रेम, ११५० केबीपीएस. व्हीएलसी थेट चालवतो.

कॉपी करताना मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी' म्हणून थांबलं तर नवल नाही. व्हीसीडीवर व्हिडिओचा भाग अशा पद्धतीनं लिहितात की चुका दुरुस्त करणारी जादा माहिती डेटा सीडीपेक्षा कमी असते. त्या जागेत व्हिडिओ कोंबलेला असतो. म्हणून त्याच ओरखड्यावर गाण्याची किंवा फोटोंची चकती निभावून नेईल आणि नाटकाची अडेल. चकती मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको: वर्तुळाकार ओरखडा एकाच पट्ट्यावर लांबवर पसरतो. तरीही अडली तर आयसोबस्टरनं काढा, तो वाईट सेक्टर ओलांडून पुढे जातो. त्या ठिकाणी चित्र क्षणभर चौकटी-चौकटींचं होईल, एवढंच. ड्राइव्ह बदलूनही फरक पडतो. लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह जिथे हार मानतो तिथे जुन्या डेस्कटॉपचा चालून जातो.

रामबागकर

आयपॉड क्लासिकवर रॉकबॉक्स (मूळच्या जागी टाकायची पर्यायी प्रणाली) टाकलेलं असेल तर व्हीसीडीची फाइल तशीच चालते ना? रॉकबॉक्सला एमपीईजी-१ चालतं.

बिनतारी

चालतं, पण त्यातला व्हिडिओ प्लेअर चित्र लहान-मोठं करत नाही. आयपॉडचा पडदा ३२० × २४०, फाइल ३५२ × २८८. कडा कापल्या जातील आणि नाटकात नेमकं कडेला उभं असलेलं पात्र गायब होईल. ३२० × २४० करूनच भरा, .एमपीजी म्हणून.

रॉकबॉक्स नसेल तर मूळच्या प्रणालीत आयपॉड क्लासिकला एच.२६४ बेसलाइन, लेव्हल ३.०, कमाल ६४० × ४८०, ३० फ्रेम आणि २.५ एमबीपीएसपर्यंत लागतं. आवाज एएसी, १६० केबीपीएसपर्यंत. हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये प्रोफाइल आणि लेव्हल दोन्ही निवडता येतात. मात्र फाइल आयट्यून्समधून किंवा नव्या मॅकवर फाइंडरमधूनच चढवायची. डिस्क म्हणून जोडून कॉपी केलेली फाइल आयपॉडच्या यादीत येतच नाही, कारण यादी वेगळ्या डेटाबेसवरून बनते.

नवलाखा

लग्नाच्या डीव्हीडीकडे वळू. व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये .व्हीओबी फाइली असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबी. त्या सुट्या सुट्या बदलू नका, जोडाच्या जागी आवाज तुटतो. अख्खं फोल्डर किंवा शीर्षक निवडा.

तीन गोष्टी हमखास बिघडतात.

हलत्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसणं. कॅमेऱ्यानं चित्र इंटरलेस्ड घेतलेलं असतं, म्हणजे सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं. डीइंटरलेस फिल्टर, यादिफ किंवा डीकोम्ब, चालू करा. आणि तो आकार लहान करण्याच्या आधी लागला पाहिजे. नंतर लावला तर रेघा चित्रात मुरून बसतात आणि मग निघत नाहीत.

सगळे बुटके किंवा शेलाटे दिसणं. डीव्हीडीवरचे ७२० × ५७६ पिक्सेल चौरस नसतात. ४:३ आणि १६:९ दोन्ही चित्रं त्याच आकड्यांत ठेवतात आणि खरा आकार बाजूला खुणेत लिहितात. संगणक ती खूण वाचतो, तुमचा प्लेअर वाचत नाही. ४:३ असेल तर ३२० × २४० सरळ. १६:९ असेल तर ३२० × १७६, आणि वर-खाली काळी पट्टी भरून २४० पूर्ण करा. काही चिप २४० पेक्षा कमी उंचीचं चित्र ताणून भरतात, म्हणून पट्टी फाइलमध्येच असलेली बरी.

चित्र आहे, आवाज नाही. डीव्हीडीत एसी३ आवाज असतो, स्वस्त प्लेअरला तो येत नाही. एमपी३ केलात की प्रश्न मिटला.

लग्नाची मूळ टेप, मिनीडीव्ही, अजून घरात असेल तर डीव्हीडीपेक्षा तीच उतरवून घ्या. तासाला १३ जीबी जागा लागते पण चित्र कितीतरी स्वच्छ. प्लेअरसाठी नव्हे, पुढच्या पिढीसाठी.

सराफा_रात्र

झांक्यांच्या चित्रणाबद्दल विसरलात सगळे.

तांत्रिक_तात्या

फोनचं चित्रण सगळ्यात त्रासदायक. फ्रेम रेट बदलता असतो: अंधार झाला की फोन फ्रेम कमी करतो. स्वस्त प्लेअर स्थिर रेट धरून चालतो, म्हणून दहा मिनिटांनी ढोल वेगळा आणि टिपरी वेगळी. रूपांतर करताना 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' २५ निवडा. उभं धरून घेतलेलं चित्रण फिरवण्याची खूणही प्लेअर वाचत नाही, ते आडवं झोपलेलं दिसेल. एफएफएमपेग ती खूण वाचून चित्र स्वतःच फिरवतो. दुसरं साधन वापरत असाल तर फिरवा फिल्टर लावा.

झांक्या रात्रीच्या, रोषणाईच्या. काळ्या आकाशात जो दाणेदार खळबळाट दिसतो तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो आणि बिटरेटचा मोठा वाटा तोच खातो. मग झांकीवरच्या बारीक दिव्यांना काही उरत नाही, त्यांचे गोळे होतात. हलका डीनॉइझ, एचक्यूडीएन३डी पुरे, आणि याच फाइलींना ५०० ऐवजी ७०० ते ८०० द्या.

आयफोनवरचं असेल तर बहुधा एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढचा कोडेक) आणि वर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं चित्रण). नुसतं बदललंत तर रंग धुतल्यासारखे फिके येतात. एचडीआरचं एसडीआर (साधं चित्र) करणारं टोनमॅपिंग लावायला हवं. पुढच्या वर्षी चित्रण करतानाच फोनच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद केलंत तर हा व्यापच नको.

पोहेजिलेबी

भरपूर माहिती मिळाली, सर्वांचे आभार. एक मिनिटाचा कीर्तनाचा तुकडा चालला! आता कार्ड. ६४ जीबीचं स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

बिनतारी

खोक्यावर ३२ लिहिलंय तर ३२ घ्या, भिया. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, फॅट३२ (कार्डावर फाइली मांडण्याची पद्धत) मध्ये येतात. त्यावरची एसडीएक्ससी, एक्सफॅट मध्ये. ते तुमच्या प्लेअरला वाचता येत नाही, 'कार्ड नाही' म्हणेल. ६४ चं कार्ड रुफससारख्या साधनानं फॅट३२ केलं की पुष्कळ ठिकाणी चालून जातं, विंडोजची नेहमीची खिडकी तो पर्याय देत नाही. पण तुमच्या गरजेला ३२ भरपूर आहे. शंभर तासांचा हिशोब तात्यांनी दिलाच आहे.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तुम्हाला अडचण नाही, ज्यांचा प्लेअर मोठ्या फाइली चालवतो त्यांनी लक्षात ठेवावं.

रामबागकर

आणि ३२ च्या कार्डावर संगणक २९.८ दाखवेल, ती फसवणूक नव्हे. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

तांत्रिक_तात्या

खरी फसवणूक वेगळी असते. आत ४ जीबीची चिप आणि कंट्रोलरला ३२ सांगायला शिकवलेलं. ४ जीबीपर्यंत सगळं सुरळीत, पुढचं लिहिलेलं आधीच्याच डोक्यावर बसतं. फाइलींची नावं दिसतात, उघडत नाहीत. नवं कार्ड आलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, लिनक्सवर एफ३. तो सगळं कार्ड भरून परत वाचून पाहतो. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर ३२ जीबी लिहायला तासाला थोडं कमी, वर वाचायचा वेळ. कंटाळवाणं आहे, पण बिल हातात असताना दुकानात परत देता येतं.

कॉपी करायला कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. प्लेअरमधून कॉपी करू नका: काही चिप यूएसबीचा जुना १२ मेगाबिटांचाच वेग देतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी. एका जीबीला सतरा मिनिटं.

सराफा_रात्र

संगणकाला जोडल्यावर प्लेअर फक्त चार्ज होतो, ड्राइव्ह दिसत नाही. केबल खराब?

नवलाखा

खराब नसेल, अर्धी असेल. काही स्वस्त केबलींत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. जिच्यावरून फोनचे फोटो संगणकावर उतरतात अशी केबल लावून बघा. तरी दिसत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड शोधा. एमटीपी असेल तर एमएससी करा, मग तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो.

तांत्रिक_तात्या

धागाकर्त्यांचं टाइप-सी आहे म्हणून सांगतो: दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलीनं आणि फोनच्या नव्या चार्जरवर हा प्लेअर चार्ज झालाच नाही तर घाबरू नका. टाइप-सी चार्जर समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे रेझिस्टर दिसल्याशिवाय वीजच सोडत नाही, आणि स्वस्त वस्तूंत ते वाचवलेले असतात. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल आणि साधा ५ व्होल्ट १ अँपिअर चार्जर घ्या, लगेच चार्ज होईल.

मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं वाईट आणि बंद गाडीत पारा त्याच्या कितीतरी पुढे जातो. पाठ फुगलेली दिसली की चार्जिंग बंद, दाबून बसवायची नाही.

पोहेजिलेबी

नाटकांची नावं देवनागरीत दिली तर पडद्यावर नुसते चौकोन येतात. आणि क्रम भलताच: दुसरा अंक आधी, पहिला नंतर.

बिनतारी

चिपमधल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, ते तुमच्या हातात नाही. नावं रोमनमध्ये, लहान, जागा न सोडता. याच कारणानं मराठी सबटायटलची वेगळी फाइलही चालणार नाही. देवनागरी असलेल्या प्लेअरवरसुद्धा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, कारण जोडाक्षरं घडवणारा भागच त्यात नसतो. सबटायटल हवीच असतील तर रूपांतर करताना चित्रातच छापून घ्या, २.४ इंचावर मोठ्या टाइपात.

नवलाखा

क्रमाचं कारण: असे प्लेअर नावाप्रमाणे लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं दाखवतात. सगळ्या एकदम निवडून ओढल्या की विंडोज कुठल्या क्रमानं लिहील याचा नेम नाही. कार्ड रिकामं करून फॉरमॅट करा, मग एकेक फाइल क्रमानं कॉपी करा. पुष्कळ असतील तर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट, हे कार्डावरची यादीच नावाप्रमाणे लावून देतात. आकडे ०१, ०२ असे द्या, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. एका नाटकाला एक फोल्डर, फोल्डरच्या आत फोल्डर नको.

शेवटी 'सेफली रिमूव्ह' करूनच कार्ड काढा. तसंच उपटलं तर यादीचं शेवटचं पान लिहायचं राहून जातं आणि पुढच्या वेळी अर्ध्या फाइली शून्य आकाराच्या दिसतात.

सराफा_रात्र

वाचनखूण साठवली. अवांतर: हेडफोनचं भोक काही प्लेअरमध्ये २.५ मिमीचं असतं, नेहमीचं ३.५ चं घुसत नाही. गाडीत बसायच्या आधी तेवढं बघून घ्या. ज्येष्ठांना कानात घालायच्या गोळ्यांपेक्षा कानावर बसणारे बरे पडतात.